तोरण केव्हां बांधावें ?

आश्विन शुद्ध दशमीस सीमोल्लंघन करावें, असा आपल्याकडे जुना प्रघात आहे. आमच्या घरचें खरें सीमोल्लंघन मात्र त्यानंतर पांच-सहा दिवसांनीं होतें. कोजागिरीचें दूध पिऊन झालें, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी अमरावतीहून निघतों आणि दुपारच्या जेवणास अकोल्यास दादांच्या घरीं पोहोंचतों. दादा म्हणजे माझे वडील बंधु. वडिलांच्या पश्चात् अमरावतीचा जुना वाडा माझ्याकडे आला व अकोल्याचें घर दादांकडे राहिलें. "चुली दोन झाल्या तरी दिवाळी एक असूं द्या," असें वडील सांगून गेले. तेव्हांपासून एका वर्षीं अमरावतीस व दुसऱ्या वर्षीं अकोल्यास अशी आमची दिवाळी चालत आली आहे. घरास चुना कधीं लावावा, कंदील कधीं टांगावा, कोणाकोणास बोलावणीं धाडावीं, आणि मुख्य म्हणजे दारावर तोरण कोणत्या दिवशीं चढवावें, हें ठरविण्यासाठीं माझी ही वार्षिक वारी असते. वाट सुमारें 100 किलोमीटरांची. परंतु जन्मभर शिकविण्याचा धंदा केलेल्या माणसास तेवढ्या वाटेवरहि शिकावयास पुष्कळ मिळतें. सन 2025 च्या वारींत जें मिळालें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं, 6 ऑक्टोबर रोजीं, आमच्या बोळांत भुलाबाईचीं गाणीं झालीं. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठीं सांगतों. भाद्रपदी पौर्णिमेस भुलोजी व भुलाबाई यांच्या मातीच्या मूर्ति बसवितात आणि आश्विनी पौर्णिमेपर्यंत मुली रोज सायंकाळीं त्यांच्यापुढें गाणीं म्हणतात. गाणीं संपलीं, कीं डब्यांतली खिरापत ओळखावयाची. कोजागिरीच्या रात्रीं मूर्तींवर ज्वारीच्या धांड्यांचें मखर उभारतात. आमच्या लहानपणीं गांवाची शींव ओलांडली, कीं ज्वारीच लागे. आतां तीं शेतें सोयाबीननें व्यापलीं आहेत. पांच धांडे मिळविण्यासाठीं मुलींच्या बापांना बडनेऱ्यापलीकडे एका शेतकऱ्याच्या दारीं जावें लागलें. तरी मखर वेळेवर झालें, कारण मुलींनीं आठ दिवस आधींपासून घोषा लावला होता. हिवाळ्याच्या सजावटीचा आमच्याकडील श्रीगणेशा हाच. वस्तु दुर्मिळ झाली कीं तिची तजवीज आधीं लागते, हें त्या आठ-दहा वर्षांच्या मुलींना आम्हां वडील माणसांहून चांगलें कळलेलें दिसलें.

आतां थोडें पंचांगाकडे वळूं. कोजागिरीपासून लक्ष्मीपूजनापर्यंतचें अंतर दर वर्षीं ठरलेलें आहे. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंतचा तो एक कृष्णपक्ष. परंतु हा पंधरवडा इंग्रजी महिन्यांतून मागेंपुढें सरकतो. चांद्र वर्ष सुमारें 354 दिवसांचें व सौर वर्ष सुमारें 365 दिवसांचें. म्हणून लक्ष्मीपूजन दर वर्षीं दहा-अकरा दिवस अलीकडे येतें आणि अधिक मास पडला कीं पुन्हां पुढें जातें. सन 2023 मध्यें श्रावण अधिक होता, तेव्हां लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरास आलें. 2024 मध्यें 1 नोव्हेंबरास, 2025 मध्यें 21 ऑक्टोबरास. 2026 मध्यें ज्येष्ठ अधिक, म्हणून तेंच 8 नोव्हेंबरास. पावसास मात्र चंद्राशीं कर्तव्य नाहीं. तो सूर्याचा सेवक. वऱ्हाडांतून मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धांत माघारीं जातो. म्हणजे दिवाळी नोव्हेंबरांत आली तर भिंतींना वाळावयास चांगला महिना मिळतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यांत आली तर कधीं कधीं आठ दिवसहि मिळत नाहींत. "दसरा झाला कीं रंग" असा एकच नियम ज्या घरीं चालतो, त्या घरीं दोन वर्षें भिंती साधतात व तिसऱ्या वर्षीं पोपडे धरतात, त्याचें कारण हें.

हा धडा मीं पैसे मोजून घेतला आहे. सन 2019 मध्यें दसरा 8 ऑक्टोबरास व लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरास होतें. दिवाळी अमरावतीची, शिवाय धाकट्या मुलाचें लग्न नुकतेंच झालेलें. म्हणून चुन्याची जुनी रीत सोडून मीं बैठकीच्या खोलीस डब्यांतला तकतकीत रंग लावविला. रंगारी माझाच जुना विद्यार्थी. त्यानें भिंतीवर तळहात टेकला आणि म्हणाला, "गुरुजी, अजून ओल हाय. आठ दिवस थांबा." परंतु ज्यानें जन्मभर विद्यार्थ्यांना थांबविलें, तो विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून थोडाच थांबतो ! त्या वर्षीं ऑक्टोबरअखेर महाराष्ट्रभर अवकाळी पाऊस कोसळला. लोकांचीं उभीं पिकें गेलीं, त्यापुढें माझी भिंत ती काय. परंतु लक्ष्मीपूजनास पाटावर बसलेल्या नव्या सुनेच्या पदरावर रंगाचा तळहाताएवढा पोपडा गळून पडला, तो अजून माझ्या डोळ्यांपुढें आहे. ती बिचारी कांहीं बोलली नाहीं. तिनें तो उचलून हळूच पाटाखालीं सारला.

यांतील शास्त्र साधें आहे. मातीच्या व जुन्या विटांच्या भिंती पावसाळ्यांत पाणी पितात आणि पुढें महिना-दीड महिना तें हळूहळू बाहेर सोडतात. चुन्याचा हात त्या वाफेस वाट देतो. शिवाय चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून स्वतः दगडासारखा घट्ट होत जातो. डब्यांतील रंगाची पापडी वाट अडविते. मग आंतली ओल तिला ढकलून देते. ज्यांना शंका असेल त्यांनीं प्लास्टिकचा वीतभर चौकोनी तुकडा चारी कडांनीं चिकटपट्टी लावून भिंतीवर एक अहोरात्र ठेवावा. आंतून दंव धरलें, तर रंगाऱ्यास परत पाठवावें. आणि वेळ थोडा असेल तर कळीचा चुना भिजवावा, फडक्यांतून गाळावा, त्यांत चिमूटभर नीळ घालावी, व दोन हात द्यावेत. पहिला हात पुरता वाळल्यावांचून दुसरा देऊं नये. लौकर आलेल्या दिवाळीस चुन्यासारखा मित्र नाहीं.

असो. 7 ऑक्टोबरास सकाळीं एस. टी. नें निघालों. बडनेरा मागें पडलें आणि गाडी वाऱ्यासारखी धांवूं लागली. याच अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्यें 75 किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला व त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. शेजारचे गृहस्थ मोठ्या अभिमानानें ही हकीकत सांगत होते, व मीहि ती अभिमानानेंच ऐकली. तरी मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं, कीं पांच दिवसांच्या आंत एवढा रस्ता होऊं शकतो, परंतु हातभर जाडीची मातीची भिंत वाळावयास जितके दिवस लागतात तितके अजून लागतातच.

रस्त्याच्या दुतर्फा सोयाबीनची सोंगणी चालली होती. सप्टेंबरांतील अतिवृष्टीनें कित्येक शेतांत शेंगा काळवंडल्या होत्या. कोठें कोठें पाणी अजून सरींत उभें होतें. कापसाचीं झाडें हिरवीं, बोंडें बहुतेक मिटलेलीं. खेड्यांतील घरांकडे पाहिलें तर एकाहि भिंतीस हात लागलेला नव्हता. शहरांतल्या माणसास हा आळस वाटेल. पण वऱ्हाडांत घराची सजावट शेवटीं शेताच्या हातीं असते. पीक घरांत येईल, विकलें जाईल, मग पांढऱ्या मातीनें भिंती पोतारल्या जातील, मग मुलांना कपडे. ज्या वर्षीं पीक हातचें जातें त्या वर्षीं अंगणांत सडा पडतो, रांगोळीहि पडते, परंतु भिंत तशीच राहते. दिवाळींत वऱ्हाडांतल्या खेड्यांतून जाणाऱ्यानें भिंतींकडे पाहावें. मळणी कशी झाली हें विचारावें लागत नाहीं.

आमची आजी लक्ष्मीपूजनाच्या वाती नव्या कापसाच्या वळीत असे. तेव्हां आमचें थोडें शेत होतें. पहिल्या वेचणीआधीं शेतांत सीतादही करीत. दहीभाताचा नैवेद्य दाखवावयाचा, मग बोंडास हात लावावयाचा. त्या दिवशींचा ओंजळभर कापूस घरीं येई. आजी त्याची सरकी हातानें काढी व वाती वळी. दिवाळी लौकर आली आणि बोंडें उमललीं नसलीं, तर ती गेल्या वर्षींच्या कापसाच्या वाती लावी. परंतु अशा वर्षीं ती शेतांतून एक मिटलेलें बोंड आणवी व समईशेजारीं तबकांत ठेवी. तें कशासाठीं, असें तिला मीं कधीं विचारलें नाहीं. आतां विचारावेंसें वाटतें.

मूर्तिजापूरास गाडी कांहीं वेळ थांबली. एके काळीं येथून अचलपूर व यवतमाळ अशा दोन दिशांना 'शकुंतला' नांवाची चिमुकली आगगाडी कापूस आणि माणसें घेऊन जात असे. ती आतां बंद पडली आहे. याच तालुक्यांतील दापुरा गांवीं गाडगे महाराजांचें बालपण आजोळीं गेलें. त्यांचा जन्म सन 1876 मधला, अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचा. देह ठेवला तो 20 डिसेंबर 1956 रोजीं अमरावतीजवळ वलगांवनजीक. ज्या गांवीं जावें तें गांव दिवसा खराट्यानें झाडावें आणि रात्रीं तेथें कीर्तन करावें, हा त्यांचा क्रम. घर सजविणाराहि हाच क्रम पाळील तर चुकणार नाहीं. आपल्याकडे लक्ष्मीपूजनास नव्या केरसुणीची पूजा करतात ती उगीच नव्हे.

स्थानकाबाहेर एक बाई केरसुण्या घेऊन बसली होती. मीं दोन घेतल्या. एक अकोल्याच्या घरची, एक अमरावतीची. "दिवाळीला अजून पंधरा दिवस आहेत, आतांपासूनच बसलीस ?" असें सहज विचारलें. ती म्हणाली, "मास्तर, आतां इकल्या त बरं. तोंडावर आल्यावर आमालेबी आमचं घर सारवा लागते ना !" तिचें हें वाक्य मीं अकोल्यापर्यंत घोळवीत नेलें. आपलें घर उजळणारे जे हात, मग तो रंगारी असो, मोलकरीण असो, कीं केरसुणी बांधणारी असो, त्यांचेंहि एक घर असतें आणि त्यांची दिवाळीहि त्याच अमावास्येस येते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळपर्यंत रंगाऱ्यास शिडीवर ठेवणारा यजमान त्याच्या मुलांची दिवाळी कापून घेत असतो. आमच्या घरीं आतां असा नियम केला आहे, कीं वसुबारसेपूर्वीं सर्वांचें काम संपलें पाहिजे व मजुरी हातांत पडली पाहिजे.

मोर्णा ओलांडून जुन्या अकोल्यांत शिरलों तेव्हां बारा वाजले होते. दादा ओट्यावर वाट पाहत बसले होते. त्यांना आतां शहात्तरावें चालू आहे. जेवणें झालीं, सुपारी झाली, आणि सभा भरली. दादा, त्यांचा मुलगा, सूनबाई व मी हे प्रत्यक्ष हजर. दादांचा नातू बंगळूरहून, माझा मुलगा व सून हैदराबादहून, आणि दादांची नात थेट जर्मनीहून, अशीं सर्व फोनच्या पडद्यावर. मुलांनीं आपसांत आधींच ठरविलेलें दिसलें. नातवानें प्रस्ताव मांडला : ऑक्टोबरांत कोणालाच रजा नाहीं. नाताळच्या सुमारास सर्वांना आठ-दहा दिवसांची सुटी आहे. तेव्हां लक्ष्मीपूजन वडील मंडळींनीं तिथीस आटोपून घ्यावें. रंग, कंदील, रांगोळ्या, फराळ हें सर्व डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत करावें. घर जेव्हां भरेल तेव्हां सजवावें.

दादा एकदम म्हणाले, "दिवाळी म्हणजे काय शाळेची परीक्षा आहे, पुढं ढकलायला ?" नातू गप्प झाला. नात म्हणाली, "आजोबा, रिकाम्या घराला कंदील लावून काय करायचं ?" आणि मग सर्वांचे डोळे माझ्याकडे वळले, कारण शिक्षकानें निकाल द्यावा अशी लोकांची समजूत असते.

मला निकाल देववेना. कारण नातीचा प्रश्न मीं स्वतः पांच वर्षांपूर्वीं, जवळजवळ याच शब्दांत, विचारलेला होता.

सन 2020 ची दिवाळी अकोल्याची होती. करोनाच्या साथीमुळें कोणी कोणाकडे जाणार नाहीं, हें उघड होतें. मी अमरावतीस स्वस्थ बसलों. येणारा कोणी नाहीं, तर चुना कशाला आणि तोरण कशाला ? देवापुढें दिवा लावला म्हणजे झालें. पुढल्या वर्षीं सारे जमतील तेव्हां दुपटीनें करूं, असा हिशेब मीं मांडला. वसुबारसेच्या दिवशीं अकोल्याहून वहिनींचा फोन आला.

"भावजी, तोरण बांधलंत कां ?"

"नाहीं बांधलं. यंदा येणार कोण ?"

"कोण आलं तें पाहून कां कुणी तोरण बांधतं ? तें आधीं बांधायचं असतं."

मीं हंसून विषय बदलला. वहिनींनीं मात्र त्या वर्षीं पंधरा माणसांची दिवाळी असावी तसें सर्व केलें. नरकचतुर्दशीस पहांटे ओळीनें सात पाट मांडले, प्रत्येकाभोंवतीं रांगोळी घातली, आणि एकेका मुलास फोन लावून त्याचा त्याचा पाट दाखविला. पुढें फेब्रुवारी 2021 मध्यें साथीच्या दुसऱ्या लाटेनें आमच्या अमरावती-अकोल्याकडेच आधीं डोकें वर काढलें. एप्रिलांत वहिनी गेल्या. दवाखान्याच्या दारापलीकडे आम्हां कोणासच जातां आलें नाहीं. मीं मनांत योजलेलें 'पुढलें वर्ष' यथाकाल आलें. पण त्या वर्षीं अकोल्याच्या घरीं सण नव्हता, आणि अमरावतीस माझें मन नव्हतें. हिशेब चुकला होता व तो दुरुस्त करण्याचा मार्ग उरला नव्हता.

मॅट्रिकपुढें माझें शिक्षण झालें नाहीं. पण पाठशाळेंत शास्त्रीबोवांपाशीं रघुवंश वाचला होता. त्याच्या सातव्या सर्गांत आमच्याच विदर्भांतील एका सजलेल्या नगराचें वर्णन आहे. इंदुमतीचें स्वयंवर होतें; तिनें अजास वरल्यावर तीं दोघें राजमार्गानें निघतात, तों मार्ग तोरणांनीं झळकत आहे आणि ध्वजांच्या सांवलीनें ऊन अडविलें आहे, असें कालिदास सांगतो. विद्यार्थिदशेंत मीं हा भाग अलंकारांसाठीं वाचला. वहिनी गेल्यावर वाचला तेव्हां निराळेंच लक्षांत आलें. माळ गळ्यांत पडेपर्यंत वर कोण, हें नगरांत कोणासच ठाऊक नव्हतें. तोरणें मात्र आधींच उभीं होतीं. ज्याच्या येण्यास तिथि नाहीं तो अतिथि, अशी फोड शास्त्रीबोवा करून देत. त्याच्यासाठीं घर सिद्ध ठेवावयाचें, तर आपण तरी तिथि पाळली पाहिजे.

हें सर्व मीं सभेंत बोललों नाहीं. फक्त वहिनींच्या सात पाटांची आठवण काढली. फोनवर कोणी बोललें नाहीं. मग नात म्हणाली, "माझ्या पाटाला तिनं कमळ काढलं होतं. मला तेव्हां वाटलं होतं, उगीच करते आहे." आणि तिनें तोंड फिरविलें.

दिवाळी तिथीसच व्हावयाची, हें तेथें ठरल्यासारखें झालें. परंतु मुलांची तक्रारहि खोटी नव्हती. वर्षांतून एकदां सर्वांनीं एकत्र बसून जेवावें एवढेंच तीं मागत होतीं. त्यांना नुसता 'नाहीं' म्हणून वाटेस लावणें हाहि न्याय नव्हे. तोड काढली ती सूनबाईंनीं. त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचीं पानें उलटीत होत्या.

"काका, धुंधुरमास कधीं लागतो ?"

"धनु संक्रांतीस. सोळा डिसेंबरच्या सुमारास."

"आणि तो दिवाळीसारखा मागंपुढं होत नाहीं ?"

"नाहीं. तो सूर्याच्या राशीवर चालतो. मकर संक्रांतीपर्यंत."

"म्हणजे नाताळच्या सुटींत धुंधुरमास दर वर्षीं असतोच कीं !"

चाळीस वर्षें पंचांग हाताळणाऱ्या मला जें सुचलें नाहीं, तें त्यांना दिनदर्शिका चाळतां चाळतां सुचलें. ज्या सुटीशीं भांडण चाललें होतें त्या सुटीच्या पोटांत आपलाच एक सण निजलेला होता. सूर्योदयापूर्वीं स्नान, देवाची पूजा, आणि उजाडतां उजाडतां गरम जेवण : मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचें भरीत, गूळ. डिसेंबरांत वऱ्हाडांत काय नाहीं ! कोंवळा हरभरा, तुरीचे ओले दाणे, संत्रीं, अंगणांत शेवंती. त्याच सुमारास 20 डिसेंबरापासून चांदूर बाजार तालुक्यांत बहिरमची यात्रा भरते. तेथील रोडगे व हंडी यांसाठीं माणसें लांबून येतात. तेव्हां दिवाळीची नक्कल डिसेंबरांत करण्याचें कारणच नाहीं. ठराव असा झाला : दिवाळी तिथीस, अमरावतीस, कोणी येवो न येवो, तोरण वसुबारसेस. आणि नाताळच्या सुटींत धुंधुरमासाचें जेवण, अकोल्यास, सर्वांनीं यावें. त्यासाठीं घर पुन्हां सजवावयाचें, परंतु त्या ऋतूच्या वस्तूंनीं.

परतीचा प्रवास आगगाडीनें केला व बडनेऱ्यापर्यंत वहींत क्रम लिहून काढला. वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून देतों. पितृपक्षांत कौलें, गच्ची, पन्हाळी यांची गळती पाहून घ्यावी. रंगाऱ्यास गणेशोत्सवांतच सांगून ठेवावें, पण दिवस भिंत पाहून ठरवावा. नवरात्रांत ज्या खोलींत घट असतील ती सोडून इतर खोल्यांतील अडगळ काढावी. दसरा ते कोजागिरी या दिवसांत अंथरुणें-पांघरुणें उन्हांत घालावीं व घर वरपासून खालपर्यंत झाडावें. कोजागिरीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत चुना. आणि लक्ष्मीपूजन ऑक्टोबरांत असेल तर डब्यांतील रंगाचें नांव काढूं नये, तो जानेवारीसाठीं ठेवावा. आंब्याचीं पानें व झेंडू तीन-चार दिवसच टवटवीत राहतात. म्हणून तोरण वसुबारसेस बांधावें व लक्ष्मीपूजनास फुलें बदलावीं. आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवावा, कारण कार्तिकभर आकाशदीप लावणें हें शास्त्रासहि धरून आहे. नंतर सर्व उतरवून, पुसून, नांव घातलेल्या पेटींत ठेवावें. धुंधुरमास, संक्रांत व रथसप्तमीपर्यंतचें हळदीकुंकूं यांना ताजी रांगोळी, शेवंती आणि स्वच्छ अंगण एवढें पुरें आहे.

त्याप्रमाणें 17 ऑक्टोबरास, वसुबारसेच्या संध्याकाळीं, आमच्या वाड्यावर तोरण चढलें. दिवाळीस पाटांवर आम्ही पांचच माणसें होतों. पण पांच दिवसांत दारीं आलेल्यांची गणती केली तर ती चाळिसांवर गेली. रंगारी आपल्या दोन मुलांना घेऊन आला, भुलाबाईच्या मुली आल्या, कित्येक जुने विद्यार्थी आले. यांपैकीं कोणासहि बोलावणें नव्हतें. तोरण नसतें तर ते आले असते कीं नाहीं, कोण जाणे.

डिसेंबरांत अकोल्यास सारे जमले. नातीचें विमान उशिरा उतरलें, पुढची गाडी चुकली, आणि ती पोहोंचली तेव्हां रात्रीचे दोन वाजून गेले होते. दादांनीं आदल्या संध्याकाळींच शेवंतीचें तोरण बांधवून घेतलें होतें. शिडीवर चढण्याची त्यांना बंदी, म्हणून सुतळीचें एक टोंक स्वतः धरून खालीं उभे होते. मीं दार उघडलें. पोर सामान घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती, आणि आंत न येतां वर पाहत होती. फुलें थोडीं मलूल झालीं होतीं. "काकाआजोबा, हें कधीं बांधलं ?" तिनें विचारलें. मीं म्हटलें, "तूं यायच्या आधीं." पहांटे पांच वाजतां ती सर्वांबरोबर न्हाऊन पंगतीस बसली, तेव्हां सूनबाईंनीं तिच्या पाटाभोंवतीं कमळ काढलेलें होतें.

2026 चें लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरास. अधिक मासाच्या कृपेनें भिंतींना वाळावयास वेळ मुबलक मिळावयाचा. तरीहि भिंतीवर रंगाऱ्याचा तळहात एकदां टेकूं द्यावा, असें मीं ठरविलें आहे. आणि तो थांबा म्हणाला, तर या वेळीं मी थांबेन.